संगणकाचं गाव



ज्या गणिताच्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात कुणी फळ्यावर उत्तर लिहिलं की सर एकच प्रश्न विचारत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. ‘हे कशावरून?’ तोच प्रश्न मी आज एका रोजच्या गोष्टीला विचारणार आहे. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसते. सहा वाजून दहा मिनिटं. ही भारतातली वेळ आहे, हे त्या यंत्राला कशावरून कळलं?

बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं. इंटरनेटवरून कळलं असेल. उपग्रहावरून कळलं असेल. आपण एकेक तपासून पाहू.

संगणकाच्या आत क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. सेकंदाला ३२,७६८ वेळा तो कंप पावतो, आणि संगणक बंद असला तरी नाण्याएवढ्या बॅटरीवर ही मोजणी चालू राहते. ती थोडी पुढेमागे होते, म्हणून इंटरनेटवरचे वेळेचे सर्व्हर ती अधूनमधून दुरुस्त करतात. पण हे सर्व्हर काय सांगतात? फक्त यूटीसी, म्हणजे साऱ्या जगासाठी एकच असलेली वेळ. त्या संदेशात गाव नसतं, देश नसतो, आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत हेही नसतं. ती वेळ सातारच्या संगणकाला आणि सँटियागोच्या संगणकाला सारखीच मिळते. युनिक्सच्या घराण्यातले संगणक तर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले एवढा एकच आकडा सांभाळतात. तो आकडा कुठल्याच गावचा नसतो.

म्हणजे ‘किती वाजले’ हे मोजता येतं, पण ‘कुणाच्या घड्याळात’ हे मोजता येत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. स्थानिक वेळ हा माणसांचा निर्णय आहे आणि तो यंत्राला कुठून तरी कळवावा लागतो. तो कुठून कळवला गेला, हे ज्या प्रोग्रॅमला माहीत नसतं तो प्रोग्रॅम आज ना उद्या चुकतो.

आता प्रोग्रॅमर काय करतो ते पाहा. त्याला वापरणाऱ्याचा टाइमझोन हवा असतो, आणि हाताशी सर्वांत सोपा मार्ग असतो तो फरक विचारण्याचा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलं, ‘यूटीसीपासून तू किती मिनिटं लांब आहेस?’ तर भारतात उत्तर येतं, उणे ३३०. आपण पुढे आहोत आणि उत्तर उणे येतं, कारण ही भाषा उलटी वजाबाकी करते, यूटीसीतून स्थानिक वेळ. चिन्हाच्या या उलटेपणानं नव्या प्रोग्रॅमरचा हमखास एक दिवस खाल्ला जातो. पण खरी अडचण पुढे आहे. उणे ३३० म्हणजे भारत, हे कशावरून?

कोलंबोतही उत्तर उणे ३३०च येतं.

मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. दोन्हीकडची घड्याळं सारखीच तर आहेत. आज आहेत. पण मे १९९६ मध्ये विजेची टंचाई होती म्हणून श्रीलंकेनं घड्याळं एक तास पुढे नेली, साडेसहावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती अर्धा तास मागे घेतली, सहावर. आणि एप्रिल २००६ मध्ये ती पुन्हा साडेपाचवर आणली. म्हणजे २००१ सालची एखादी नोंद आज उघडली, तर ती मुंबईच्या हिशेबानं वाचायची की कोलंबोच्या, यानुसार अर्ध्या तासाचा फरक पडतो. आजचा फरक तुम्हाला फक्त आजच्या क्षणाबद्दल सांगतो. मागचं सांगत नाही आणि पुढचंही सांगत नाही. नेपाळ १९८६ पर्यंत आपल्याबरोबर होता, मग पावणेसहावर गेला. अमेरिकेत फीनिक्स आणि डेन्व्हर ही शहरं हिवाळ्यात एकाच वेळेवर असतात. उन्हाळा आला की डेन्व्हरची घड्याळं पुढे जातात, फीनिक्सची तिथेच राहतात. जानेवारीत फरक विचारणाऱ्या प्रोग्रॅमला ही दोन शहरं वेगळी काढता येतील का? यावर उपाय म्हणून काही वर्षं प्रोग्रॅमर जानेवारीतला एक आणि जुलैतला एक असे दोन फरक घेत आणि त्यावरून शहराचा अंदाज बांधत. युक्ती हुशारीची होती. पण अंदाज तो अंदाजच, आणि मुंबई–कोलंबोच्या जोडीपुढे तोही हात टेकतो, कारण दोन्हीकडे जानेवारी काय आणि जुलै काय, फरक तोच.

म्हणून फरक म्हणजे टाइमझोन नव्हे. फरक ही एक संख्या आहे. टाइमझोन हा एका प्रदेशाच्या घड्याळांचा सबंध इतिहास आहे आणि पुढच्या बदलांना त्यात जागा आहे.

इतिहास म्हटल्यावर आपल्या मुंबईवर थोडा वेळ थांबायलाच हवं. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानाची प्रमाणवेळ साडेपाच तासांवर ठरली, आणि मुंबईनं ती सहजी स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, यूटीसीच्या हिशेबात चार तास एक्कावन्न मिनिटं, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि महापालिकेनं मुंबई वेळ पुढेही कित्येक वर्षं चालवली, स्वातंत्र्य येऊन गेलं तरी. एकाच शहरात रेल्वेचं घड्याळ एक सांगे आणि पालिकेचं दुसरं. त्यात दुसरं महायुद्ध आलं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत साऱ्या देशाची घड्याळं एक तास पुढे होती. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांना हे पक्कं ठाऊक असे. त्या वर्षांतली पत्रिका मांडताना ते सांगितलेल्या जन्मवेळेतून आधी युद्धाचा तास वजा करत. ‘सकाळी सात वाजता झाला’ असं आजीनं सांगितलं, की ‘कुठल्या घड्याळात सात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रत्येक प्रोग्रॅमरनं हाच प्रश्न आधी विचारायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

आता नावाकडे वळू. फरक पुरत नाही, नाव हवं. पण ही नावं कुणी ठेवली?

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी जगातल्या प्रदेशांच्या घड्याळांचे नियम एका जागी लिहायला सुरुवात केली. पुढे ते काम पॉल एगर्ट यांनी हाती घेतलं. स्वयंसेवक पत्रं पाठवतात, राजपत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं धुंडाळतात, चूक असेल तर पुराव्यासह भांडतात. त्यातून जो संग्रह तयार झाला त्यावर आज अँड्रॉइड चालतं, आयफोन चालतो, लिनक्स चालतं. प्रदेशाचं नाव त्यात खंड आणि शहर असं लिहितात. आपलं नाव ‘एशिया/कोलकाता’. २०११ मध्ये ॲस्ट्रोलेब या ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनं ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. घड्याळांच्या इतिहासाची माहिती आमच्या ॲटलासमधून घेतली, असा तिचा दावा होता. त्या ऑक्टोबरमध्ये संग्रहाचा मूळ सर्व्हर काही दिवस बंद राहिला. मग इंटरनेटच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं तो आपल्याकडे घेतला, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं खटला मागे घेतला. अमुक दिवशी अमुक गावात घड्याळ किती वाजता पुढे केलं, हे ऐतिहासिक सत्य आहे. त्यावर कुणाची मालकी चालू नये, आणि ती चालली नाही, याचं मला समाधान आहे.

मुंबईच्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो की आपली वेळ कोलकात्याच्या नावावर का? या संग्रहाचा नियम असा, की ज्या प्रदेशातली घड्याळं १९७० पासून एकसारखी चालली त्याला एकच नाव, आणि ते सहसा त्यातल्या एखाद्या मोठ्या शहराचं. १९७० नंतर भारतभर एकच वेळ आहे, म्हणून एकच नाव. त्याचा परिणाम मात्र ध्यानात घ्या. मुंबईतल्या संगणकाला १९०० सालची स्थानिक वेळ विचारली, तर तो पाच तास एकवीस मिनिटं दहा सेकंद असा फरक सांगतो. ती मद्रासची वेळ आहे, त्या काळी रेल्वे जी पाळत असे ती. मुंबईची चार एक्कावन्न त्याच्या हिशेबात नाही. युद्धाचा तास आहे, मुंबईची वेळ नाही. जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

हे नाव प्रोग्रॅमला कसं सापडतं, ते आता जवळून पाहू. लिनक्सवर प्रोग्रॅम आधी पाहतो की ‘टीझेड’ नावाच्या एका चलात कुणी काही लिहून ठेवलं आहे का. नसेल तर ‘लोकलटाइम’ नावाची फाइल उघडतो. ही फाइल बहुधा खरी फाइल नसते, दुसरीकडे बोट दाखवणारी खूण असते, आणि त्या दुसऱ्या पत्त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं ‘एशिया/कोलकाता’. नाव मिळालं! पण काही ठिकाणी कुणीतरी खूण न ठेवता मूळ फाइलची नक्कलच तिथे ठेवलेली असते. मग नियम हाती येतात, वेळ बरोबर दिसते, पण नाव हरवतं. अशा वेळी जावासारख्या भाषा एक चिकाटीचं काम करतात. साऱ्या प्रदेशांच्या फाइली एकेक करून उघडायच्या आणि हुबेहूब तशीच कोणती आहे ते शोधायचं. सापडते, पण कोणती सापडते? ‘एशिया/कोलकाता’ आणि ‘एशिया/कॅलकटा’ या दोन्ही फाइलींत अक्षरन् अक्षर तेच असतं. जी आधी हाती लागेल तिचं नाव उत्तर म्हणून बाहेर येतं.

कोलकाता शहराचं नाव २००१ साली बदललं, संग्रहात ते २००८ साली बदललं, आणि जुनं नाव जुन्या प्रोग्रॅमांसाठी चालू ठेवलं. क्रोम ब्राउझरला नाव विचारलं की वर्षानुवर्षं उत्तर यायचं ‘एशिया/कॅलकटा’, आणि फायरफॉक्स म्हणायचा ‘एशिया/कोलकाता’. एकच माणूस, एकच खुर्ची. दोन नावं जुळत नाहीत असं पाहून जो प्रोग्रॅम ‘आपण प्रवासात आहात का?’ असं विचारतो, त्यानं नावांची ही नाती आधी जुळवून घ्यायला हवीत.

विंडोजचा संसार वेगळा. तिथे आपलं नाव ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’. यादीत साडेपाचच्या एका ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चार शहरं दिसतात आणि त्याच साडेपाचची दुसरी ओळ श्रीजयवर्धनेपुरची. म्हणजे विंडोजही हे दोन देश वेगळे ठेवतं, फक्त नावं निराळी. त्या नावांची या नावांशी सांगड घालणारा एक तक्ता युनिकोडची मंडळी सांभाळतात. आणि कृपा करून ‘आयएसटी’ या तीन अक्षरांवर कुणी विसंबू नये. भारत, इस्राएल आणि आयर्लंड, तिघंही ती वापरतात.

मोबाइल या बाबतीत पुढे आहे. त्याला टॉवरकडून फरक मिळतो, तोही पाव तासांच्या हिशेबात. भारताचे २२ पाव, नेपाळचे २३. सोबत देशाचा क्रमांक असतो, भारताचा ४०४ किंवा ४०५, नेपाळचा ४२९. देश आणि फरक या दोन्हींवरून तो नाव ठरवतो. सीमेवरच्या गावात पलीकडचा टॉवर लागला की घड्याळ पंधरा मिनिटं उडी मारतं ते यामुळेच. तेव्हा फोनला कळतं ते टॉवरचं गाव. हातात फोन धरलेल्या माणसाचं गाव त्याला कळत नाही.

इथवर आपण धरून चाललो, की नाव बरोबर सापडलं तर उत्तर बरोबर. हे तरी कशावरून? मार्च २०२३ मधल्या बैरूतला चला. लेबनॉनमध्ये दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्या वर्षी तो रविवार २६ तारखेला होता आणि रमझान सुरू झाला होता. गुरुवारी, अवघे तीन दिवस आधी, पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं की बदल एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. त्याच दिवशी संग्रहाच्या स्वयंसेवकांनी नवी आवृत्ती काढली, २०२३-बी. पण मॅरोनाइट चर्चनं हा निर्णय मानला नाही. काही वृत्तवाहिन्यांनी आणि शाळांनीही मानला नाही. रविवार उजाडला आणि एका शहरात दोन वेळा सुरू झाल्या. लाखो फोनांवर नवी आवृत्ती तीन दिवसांत पोचणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सरकारनं नको म्हटलेल्या तासावर कित्येक फोन आपोआप गेले. मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांना कळवलं, की घड्याळ आपोआप ठेवू नका, हातानं लावा. सोमवारी मंत्रिमंडळानं निर्णय फिरवला आणि बुधवारी रात्री घड्याळं पुढे नेली. संग्रहाची आणखी एक आवृत्ती निघाली, २०२३-सी. तिच्यात बैरूतचा नियम पुन्हा पूर्वीचाच होता.

त्या रविवारी बैरूतमधल्या संगणकाला आपलं नाव अचूक माहीत होतं, ‘एशिया/बैरूत’. तरीही सकाळचे आठ वाजले की नऊ, याचं उत्तर कुठल्याच फाइलीत नव्हतं, कारण ते माणसांमध्येच ठरलेलं नव्हतं.

आणखी एक प्रश्न राहिला. स्थानिक वेळ म्हणायची कुणाची? मोठमोठे सर्व्हर, मग ते मुंबईत का बसवलेले असेनात, सहसा यूटीसीवर ठेवतात. ते शहाणपणाचंच आहे. पण अशा सर्व्हरला ‘आज तारीख काय?’ विचारलं, तर त्याचा ‘आज’ आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता भरलेली रक्कम तो ३१ मार्चला लावतो. आर्थिक वर्षच बदललं! इथे सभागृहात जे प्रोग्रॅमर बसले आहेत त्यांना ‘अठरा तीस’ हा आकडा चांगला ओळखीचा असेल. अर्जात जन्मतारीख निवडली १५ ऑगस्ट १९९०. ब्राउझरनं ती भारतातली मध्यरात्र मानली, यूटीसीत बदलली, आणि सर्व्हरवर नोंद गेली १४ ऑगस्ट, १८:३० अशी. मागचा वेळेचा भाग कुणीतरी कापून टाकला आणि उरली १४ ऑगस्ट. माणसाचा वाढदिवस एक दिवस अलीकडे आला. सरकारी कागदांवर एका दिवसाच्या फरकानं माणसाला किती खेटे घालावे लागतात, ते आपण सगळेच जाणतो.

इथे टाइमझोन ओळखायची गरजच नव्हती. जन्मतारखेला टाइमझोन नसतो, ती नुसती तारीख म्हणूनच ठेवायची. बिलाच्या मुदतीला संस्थेचा टाइमझोन लागतो, बिल भरणारा दुबईत असला तरी. आणि बैठकीला ती जिथे ठरली तिथला. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि उन्हाळ्यात साडेसहाला. ती यूटीसीतल्या एका क्षणावर गोठवली, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुण्यातली मंडळी एक तास उशिरा हजर होतील. घडून गेलेली गोष्ट यूटीसीत लिहावी. पुढे घडायची गोष्ट तिथल्या घड्याळाच्या वेळेत आणि प्रदेशाच्या नावासकट लिहावी. आणि यंत्रानं जे नाव ओळखलं ते अंदाज म्हणून माणसापुढे ठेवावं. ‘तुम्ही या वेळेवर आहात असं दिसतं, बरोबर आहे का?’ एवढंच विचारायचं. ते न विचारता ठरवून टाकणं मला उद्धटपणाचं वाटतं.

शेवटी आपल्याच देशातला एक प्रश्न पाहू. आसामात उन्हं लवकर येतात. तिथल्या चहाबागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य भारतासाठी साडेसहा तासांची दुसरी प्रमाणवेळ मांडली. दोन वेळांची हद्द त्यांनी आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्या सीमेवर, जिथे भूमी चिंचोळी आहे तिथे सुचवली, म्हणजे रेल्वेला मोजक्याच ठिकाणी घड्याळ बदलावं लागेल. सरकारनं ती योजना स्वीकारलेली नाही. ती योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. पण समजा, उद्या स्वीकारली, तर?

संग्रहात नवं नाव काही दिवसांत येईल. गुवाहाटीतल्या फोनांना टॉवर २२ ऐवजी २६ पाव सांगू लागतील आणि त्यांचं बहुधा निभावून जाईल. टेबलावरच्या संगणकांचं काय? गुवाहाटीतला संगणक आणि साताऱ्यातला संगणक, दोघांच्याही आत आज ‘एशिया/कोलकाता’ हेच लिहिलेलं आहे. फरक तोच, नाव तेच, फाइल तीच. हा आसामचा आणि हा महाराष्ट्राचा, असं निवडून काढता येईल असं त्यांच्या वेळेच्या सेटिंगमध्ये काहीही नाही. तिथल्या दवाखान्यांच्या पुढच्या वर्षीच्या शस्त्रक्रियांच्या वेळा, न्यायालयांच्या तारखा, विमानांची वेळापत्रकं, हे सारं ‘एशिया/कोलकाता’ या नावाखाली साठवलेलं असेल आणि एका रात्रीत तासाभरानं चुकीचं होईल. अपवाद फक्त त्या नोंदींचा, जिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं टाइमझोनच्या शेजारी गावाचं नावही लिहून ठेवलेलं असेल. गाव लिहिलेलं असेल तर नवा नियम लावून वेळ दुरुस्त करता येईल. नसेल तर प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक न्यायालयात फोन करून विचारावं लागेल. तो रकाना आज जोडायला एका प्रोग्रॅमरला दुपारभराचं काम आहे, आणि आपल्या बहुतेक अर्जांमध्ये आणि नोंदवह्यांमध्ये तो अजून नाही.